समुद्रकिनारी तिसरा पक्ष

गिरगाव चौपाटीवर समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं, की रस्त्यापलीकडे विल्सन कॉलेज दिसतं. टोकदार कमानी, उतरती छपरं, पावसाळ्यात काळवंडणारा दगड. जॉन ॲडम्स यांनी आराखडा केलेली ही इमारत १८८९ साली पुरी झाली. जवळच बाबुलनाथाचं देऊळ, वाळूत लोकमान्यांचा पुतळा, आणि दर अनंत चतुर्दशीला समोर लोटणारा गणपतींचा पूर. व्हरांड्यात उभं राहिलं की एका कानात वर्गातला मिल्टन आणि दुसऱ्या कानात भेळवाल्याची हाक. भरतीच्या वेळी वारा आत शिरे आणि वह्यांची पानं दमट होत. कवितेत भेटलेली डॅफोडिलची फुलं मी आजवर पाहिलेली नाहीत, पण माझ्या लेखी त्यांना ओल्या वाळूचा वास आहे.

इंग्रजी साहित्य शिकायला मी तिथे जायचं ठरवलं, तेव्हा आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत दोन प्रश्न निघाले. वडिलांचा प्रश्न रोकडा होता : इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्यावर नोकरी कसली लागते? आजीचा प्रश्न तिला तिच्या आजीकडून मिळालेला होता. "मिशनऱ्यांचं कॉलेज ना गं ते? पोरीला बाटवणार नाहीत ना?" वडील हसून म्हणाले, "आई, आता नुसती फी घेतात. बाटवायला वेळ कुणाला आहे?" आजीचं काही समाधान झालं नाही. पहिल्या दिवशी निघताना तिनं माझ्या हातावर दही ठेवलं आणि बुक्क्याचं बोट जरा जास्तच ठळक लावलं.

तिची शंका हवेतली नव्हती, हे मला पुढे ग्रंथालयात बसून कळलं. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईत उतरले आणि आधी मराठी शिकायला बसले. १८३२ साली त्यांनी आंब्रोलीची इंग्रजी शाळा काढली. आजचं कॉलेज म्हणजे तिचाच वाढत गेलेला वंश. त्याच वर्षी, मिशनऱ्यांशी वाद घालणाऱ्या मोरभट दांडेकरांना उत्तर म्हणून त्यांनी हिंदू धर्माचे वाभाडे काढणारं पुस्तक छापलं. १८३९ साली त्यांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि घाबरलेल्या आईबापांनी पोरं शाळेतून काढून नेली. १८४३ साली नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, कोर्टानं बापाच्या हवाली केलं. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर शहरातली शहाणी माणसं हमरीतुमरीवर आली. बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूनं उभे राहिले, त्याच्या प्रायश्चित्तासाठी झटले, आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला.

हे सगळं वाचताना मला एका गोष्टीची गंमत वाटे. मिशनऱ्यांना वाटत होतं की पुस्तकं वाचली की मुलं ख्रिस्ताकडे येतील. मुलांच्या बापांनाही अगदी तसंच वाटत होतं. पुस्तकाच्या ताकदीवर दोन्ही पक्षांचा विश्वास सारखाच होता. एकाला तिची आशा होती, दुसऱ्याला धास्ती. वाचून माणूस तिसरंच काही होईल, हा विचार दोघांच्याही मनात फारसा नव्हता.

१८५७ सालच्या सुरुवातीच्या महिन्यांत विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत. संध्याकाळी माणसं ऐकायला जमत. जॉर्ज बोएन या अमेरिकन मिशनऱ्यानं त्या वादांची हकीकत इंग्रजीत छापली. मराठीत पुढे 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हे पुस्तक आलं. त्यातली माणसं मोठी होती, वाद घालायला घर सोडून आलेली होती. पण वादात एक अडचण असते. समोरचा बोलत असताना आपण त्याचं ऐकत नसतो, आपलं उत्तर जुळवत असतो. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसे, तेव्हा मला ती जमलेली माणसं आठवत, आणि त्यांच्यात एखादा असा असेल का, असं मनात येई, की ज्याला कुणीच जिंकायला नको होतं. फक्त दोघांचंही बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं होतं. त्या माणसाचा एक तिसरा पक्ष असतो. तो पक्ष कसा चालवायचा, हे मला रस्त्याच्या अलीकडच्या त्या दगडी इमारतीत शिकायला मिळालं; ज्यांनी ती संस्था काढली, त्यांच्या मनात ते असो वा नसो.

मला शिकवणाऱ्या दोघांची नावं मी इथे घेत नाही. एक सर होते, नगरकडचे मराठी ख्रिस्ती, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे. एक बाई होत्या, पारशी, कुठलाही देव न मानणाऱ्या, आणि ते लपवायची गरज न वाटणाऱ्या. अभ्यासक्रम वाटून घेताना झालेला योग असा, की देव मानणारे सर आम्हाला मिल्टनचा सैतान शिकवत आणि देव न मानणाऱ्या बाई जॉर्ज हर्बर्ट.

हर्बर्टच्या कविता बहुतेक सगळ्या देवाशी बोलणाऱ्या. हा माणूस केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता होता. दरबारात नाव काढता आलं असतं. त्याऐवजी १६३० साली तो सॉल्झबरीजवळच्या बेमर्टन या लहानशा गावी धर्मगुरू म्हणून गेला आणि तीन वर्षांत, चाळिशी गाठायच्या आत, क्षयानं गेला. मरताना कवितांची वही त्यानं निकोलस फेरार या मित्राकडे धाडली : कुणा कष्टी जिवाला उपयोग होईलसं वाटलं तर छाप, नाहीतर जाळून टाक. फेरारनं ती छापली.

हे ऐकताच माझा हात वर गेला. आमच्या घरात रोज संध्याकाळी हरिपाठ होई, आजी माळकरी. आणि हर्बर्टच्याच काळात देहूला एका माणसाच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या होत्या. तुकोबा आणि हर्बर्ट एकच आहेत, असं मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोघेही भक्त, असं म्हटलंस की दोघांचंही वाचन संपलं. आता दोघं कुठे वेगळे आहेत, ते शोधून आण."

तो आठवडा मी हर्बर्ट आणि गाथा शेजारी ठेवून बसले. आणि फरक दिसायला लागले. तुकोबांचा देव विटेवर उभा आहे. त्याला हात आहेत, कमर आहे, त्याच्यासमोर उभं राहून त्याला चार शब्द सुनावता येतात. आजूबाजूला दिंडीतली माणसं आहेत, टाळ आहेत. हर्बर्टचा देव दिसत नाही. हर्बर्ट खोलीत एकटा आहे, आणि खोली म्हणजे त्याचंच काळीज. तुकोबांना देवाकडे जायची वाट गावातून काढावी लागते. सावकारी, दुष्काळ, बायको, मंबाजी, सगळं वाटेत येतं. हर्बर्ट आपला ओळींची लांबी कमीजास्त करत, कधी पंखांच्या आकाराची कविता रचत, आतल्या आत चाचपडतो. सारखेपणा शोधायला मला पाच मिनिटं लागली होती. फरक शोधायला दोघांनाही खरोखर वाचावं लागलं.

हर्बर्टची एक कविता आहे, तिच्यात प्रेम नावाचा यजमान एका पाहुण्याला जेवायला बोलावतो. पाहुणा धुळीनं माखलेला, स्वतःला अपात्र समजणारा. तो दारातच मागे सरतो. यजमान त्याच्या एकेक सबबीला हळुवार उत्तर देतो, आणि शेवटी पाहुणा बसतो, जेवतो. बाईंनी ती दोनदा मोठ्यानं वाचली आणि मग वसईहून येणाऱ्या एका कुपारी ख्रिस्ती मुलीला म्हणाल्या, "हे जेवण कसलं आहे, ते मला पुस्तकातून माहीत आहे. तुला आतून माहीत आहे. तू सांग." ती मुलगी एरवी तोंड उघडत नसे. तिनं मिस्सा सांगितली, पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतला तेव्हाचा पांढरा झगा सांगितला, जिभेवर ठेवलेली ती पातळ भाकर चावायची नाही असं आईनं बजावलेलं सांगितलं, आणि आपण त्या लायकीचे नाही असं म्हणूनच पुढे जायचं असतं, हेही सांगितलं. वर्गात मुसलमान मुलं होती, गुजराती होती, आम्ही गिरगावकर होतो. त्या दिवशी कुणाचंच मत बदललं नाही. पण कविता सगळ्यांना कळली.

घरी येऊन मी आजीला ती मराठीत सांगितली. तिनं वाती वळता वळता ऐकली आणि विचारलं, "मग जेवला का तो?"

"जेवला."

"बरं केलं. देवाला ताटकळत ठेवू नये."

सरांचा मिल्टन याच्या अगदी उलट टोकाचा. 'पॅराडाइज लॉस्ट' १६६७ साली छापून आलं. मिल्टन तेव्हा आंधळा होता आणि राजकारणात हरलेला होता. राजाचं डोकं उडवणाऱ्यांची बाजू त्यानं लेखणीनं लढवली, आणि १६६० साली त्याच राजाचा मुलगा गादीवर बसलेला त्याला पाहावा लागला. सर म्हणत, नरकात सैतानानं भरवलेली सभा वाचताना हे ध्यानात ठेवा. हरलेल्या पक्षाची बैठक कशी असते, हे या माणसाला अनुभवानं ठाऊक होतं. सैतानाची भाषणं ते अशा तयारीनं वाचत, की मागच्या बाकावरची, एरवी खिडकीतून चौपाटी बघणारी मुलंसुद्धा मान वळवत. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, तुम्ही तर देवाच्या बाजूचे. मग सैतानाला इतकं जोरदार का वाचता?"

ते म्हणाले, "मी देवाच्या बाजूचा आहे म्हणूनच. सैतानाला बोबडं करून हरवलं, तर त्यात देवाचं काय मोठेपण राहिलं?"

किनाऱ्यावरच्या वादात हे बसणारं नव्हतं. तिथे प्रतिपक्षाचं म्हणणं जितकं पोकळ दिसेल तितकं बरं. वर्गात मात्र प्रतिपक्षाचा मुद्दा त्याच्याहून चांगला मांडता येईपर्यंत पुढे सरकता येत नसे.

लिहायला शिकवलं ते सरांनीच. अभ्यासक्रमात लेखन असं काही नव्हतं. ट्यूटोरियलच्या नावाखाली ते आमच्याकडून दोन-दोन पानं लिहून घेत. पेन्सिल लाल नसे, साधी. तिनं ते विशेषणांखाली बारीक रेघ ओढत आणि समासात एकच प्रश्न लिहीत : याची गरज कोणाला? माझं पहिलं लेखन आजीच्या एकादशीवर होतं. माझ्या इंग्रजीतली ती आजी भलतीच पवित्र, सुरकुतलेली आणि मुकी झाली होती. सरांनी विचारलं, "आजी घरात बोलतात ना? मग इथे गप्प का?" आणि पुढच्या तासाला त्यांनी मला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणून दिलं. इंग्रजीच्या ट्यूटोरियलला मराठी पुस्तक. "चांगलं इंग्रजी लिहायचं असेल, तर आधी हे नीट वाच. या बाई शब्द फुकट घालवत नाहीत."

शाळेत धडे वाचले होते. पुस्तक म्हणून ते मी तेव्हा वाचलं. लक्ष्मीबाई शाळेत न गेलेल्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पुढची काही वर्षं नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्या. नंतर त्याही ख्रिस्ती झाल्या. त्या काळातल्या दुःखाला सीमा नव्हती. तरी पुस्तकभर हसू आहे. टिळकांचा विसरभोळेपणा, स्वतःचं सोवळं, ते एकेक पाऊल कसं सुटत गेलं, सगळं त्या सारख्याच हातानं वाढतात. त्या नवऱ्याच्या धर्मांतराची वकिली करत नाहीत आणि आपल्या आधीच्या विरोधाची लाजही बाळगत नाहीत. सोवळ्यातली लक्ष्मी आणि बाप्तिस्मा घेतलेली लक्ष्मी, दोघींनाही पूर्ण बोलू देतात. धर्म बदललेल्या माणसाला हे फार अवघड. आधीच्या स्वतःला मूर्ख ठरवण्याचा मोह मोठा असतो.

मी एकादशी पुन्हा लिहिली. या वेळी आजी उपासाला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस असा बेत करून वर "आज पोट हलकं ठेवायचं हो" असं म्हणाली. आणि रात्री सगळे झोपल्यावर बराच वेळ एकटी देव्हाऱ्यासमोर बसली. पहिल्या आजीला मी मानत होते, म्हणून तिला हसायची हिंमत नव्हती. दुसरीला हसताही आलं आणि तिच्या त्या रात्रीच्या बसण्याला हातही लावावा लागला नाही.

याच कॉलेजातून १९४७ साली निसिम इझिकेल इंग्रजी घेऊन एम.ए. झाले. त्यांचे वडील इथेच वनस्पतिशास्त्र शिकवत. हे घराणं बेने इस्राएल : शतकानुशतकं कोकणात राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवत म्हणून गावानं शनवार तेली म्हटलेले, मराठी बोलणारे ज्यू. म्हणजे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लोकांच्या कॉलेजात, कोकणी वळणाच्या मराठी ज्यू घरातला मुलगा इंग्रजी कवी झाला. पाठ्यपुस्तकांतून ज्यांना इझिकेल भेटले, त्यांना विंचवाची कविता आठवत असेल. पावसाच्या रात्री आईला विंचू चावतो. गावकरी कंदील घेऊन येतात, देवाचं नाव घेतात, गेल्या जन्मीचं पाप फिटतंय म्हणतात. वडील बुद्धिवादी, पण तेही पूड, मुळी, आशीर्वाद, शाप, सगळं करून बघतात. मांत्रिक येतो. शेवटी आई एवढंच म्हणते, की विंचवानं मला निवडलं, पोरांना सोडलं, हे बरं झालं. कवितेत गावकरी अडाणी ठरत नाहीत, वडील खोटे पडत नाहीत, आईला देवी केलेलं नाही. अंधाऱ्या खोलीत एक मुलगा उभा राहून सगळ्यांचं ऐकतो आहे. किनाऱ्यावरच्या गर्दीत मी जो माणूस शोधत होते, तो मला या खोलीत सापडला.

या सगळ्याला सोनेरी मुलामा द्यायची मला इच्छा नाही. इंग्रजी साहित्य आमच्यापर्यंत आलं ते राज्याच्या बोटाला धरून. मराठी शाळेतून आलेली आम्ही मुलं कितीतरी दिवस उच्चार चुकेल म्हणून तोंड मिटून बसत होतो, आणि त्या मिटलेल्या तोंडाचा हिशेब कुठल्याच गुणपत्रिकेत येत नाही. इंग्रजीच्या या वरचढपणावर मराठीत सगळ्यात कडक लिहिलं ते भालचंद्र नेमाड्यांनी, आणि ते स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते. हा विरोधाभास वाटतो, पण नाही. इंग्रजी आतून वाचलेल्या माणसालाच तिच्याशी असं बरोबरीनं भांडता येतं.

आणि देणंघेणं एकाच दिशेचं नव्हतंच कधी. शेक्सपियर वारला त्या १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. हा माणूस १५७९ साली गोव्याला आला आणि उरलेलं आयुष्य तिथेच राहिला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना आपली पुराणं आठवत, त्यांच्या जागी काहीतरी द्या असं ते लोक म्हणत. स्टीफन्सनं त्यांना हजारो ओव्यांचं मराठी पुराण दिलं. हेतू धर्मप्रसाराचाच होता. पण ओवी लिहायची तर ज्ञानेश्वर-एकनाथांच्या लयीत कान बुडवावा लागतो, आणि कान बुडाला की माणूस निव्वळ प्रचारक राहत नाही. ज्यांचे देव त्याला अमान्य होते, त्यांचा छंद त्यानं आपल्या देवासाठी मागून घेतला. इतक्या जवळ येऊन पुन्हा पूर्ण परकं राहता येत नाही.

मी आज मराठीत लिहिते. कथांमधून माझ्याकडे अशी माणसं येतात, ज्यांचं मला काहीच पटत नाही : मुलाच्या आजारात नवस बोलणारी आई, मुलीचं लग्न पत्रिका पाहून मोडणारा बाप, देवळाच्या वर्गणीवरून भावाशी बोलणं टाकणारा माणूस. त्यांना दोन ओळींत मूर्ख ठरवणं सोपं असतं, आणि वाचकही टाळी देतो. अशा वेळी मी पान बाजूला ठेवते आणि त्या माणसाची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता येते का, ते बघते. येत नसेल तर कथा अजून झालेली नाही. ख्रिस्ती कॉलेजनं मला ख्रिस्ती केलं नाही, आणि आजीचा हरिपाठही मी चालवला नाही. विल्सनसाहेबांच्या हिशेबात मी वाया गेलेली विद्यार्थिनी, आणि आजीच्या हिशेबात थोडीशी बाटलेलीच. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, आणि दोन्ही मला नीट मांडता येतात.